तापतं पाणी काय बोलतं?

वडखळ नाक्यावरचा गॅरेजवाला बघा. ट्रक समोर येऊन उभा राहतो. ड्रायव्हर सांगतो, "इंजिन आवाज करतंय." गॅरेजवाला लगेच पाना हातात घेत नाही. आधी म्हणतो, "चालू कर." मग मान वाकडी करून ऐकतो. रेस वाढवायला सांगतो. पुन्हा ऐकतो. आवाज कुठून येतो, कधी येतो, कधी थांबतो, हे कळल्यावर मग तो बॉनेट उघडतो. निम्मं काम कानानं झालेलं असतं.

घरातलं तापतं पाणीही असाच आवाज करतं. बंब सूं सूं करतो. गिझर गुरगुरतो. नळ ठणकतो. भिंतीवरचा पाइप रात्री टकटक वाजतो. कोणी म्हणतं, घरात काहीतरी आहे. कोणी लक्षच देत नाही. दोन्ही बरं नव्हे. यातले बरेचसे आवाज निरुपद्रवी असतात. थोडे मात्र असे असतात, की ते कानी पडताच बटण बंद करून न्हाणीबाहेर यावं. कुठला आवाज कोणता, हे ओळखता यावं म्हणून हा धडा.

आधी आपला बंब घेऊ. आता घरोघरी बंब राहिला नाही, हे खरं. पण जुन्या घरांतून तो अजून दिसतो. आणि ज्याला बंब कळला, त्याला बाकीची यंत्रं समजायला वेळ लागत नाही. बंब म्हणजे तांब्याचं किंवा पितळेचं उभं भांडं. त्याच्या मधोमध आरपार एक नळा. नळ्याच्या तळाशी जाळी. जाळीवर करवंट्या, सोडणं, लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या. धूर नळ्यातून वर जातो. नळ्याभोवती पाणी असतं, ते तापतं. बाजूला तोटी. वर पाणी ओतायचं तोंड, आणि त्यावर सैल झाकण. हे झाकण सैल असतं ते मुद्दाम. वाफेला बाहेर पडायला वाट हवी. त्यावर धोंडा ठेवू नये, की फडक्यानं घट्ट दाबून बसवू नये.

विस्तव धरला, की थोड्या वेळानं बंब सूं सूं करू लागतो. चहाचं आधण ठेवल्यावर असाच आवाज येतो. गंमत अशी, की उकळी फुटण्याच्या आधी आधण जास्त आवाज करतं. उकळी फुटली, की आवाज बदलतो, मवाळ होतो. असं का होतं?

भांड्याचा तळ आधी तापतो. तळाला लागलेल्या पाण्याची वाफ होते. वाफेचे बारीक बुडबुडे सुटून वर निघतात. पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. त्यात शिरताच वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बुडबुडा मिटतो. मिटताना चारी बाजूंचं पाणी आत धावतं आणि एकमेकांवर आपटतं. एका बुडबुड्याचा आवाज आपल्याला ऐकू येणार नाही. हजारो मिटू लागले, की सूं सूं होतं. पुढे सगळंच पाणी तापलं, की बुडबुडे मधेच मिटत नाहीत. वर येऊन फुटतात. मग खळखळ ऐकू येते. हा आवाज निरोगी आहे. त्याची काळजी नको.

पण बंब सूं सूं न करता थडथड करू लागला, आतून कुणी बुक्के मारतंय असं वाटू लागलं, पाणी तापायला आधीपेक्षा जास्त लाकडं लागू लागली, तर समजा की आत खपली बसली आहे.

ही खपली येते कुठून? आपण मिठागरं पाहिलेली आहेत. खाडीचं पाणी वाफ्यात घेतात. ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ खाली राहतं. पुष्कळांना वाटतं, बंबातली पांढरी खपली म्हणजे तसंच मीठ. पण ती जिभेला लावून बघा, खारट लागणार नाही. शिवाय बंबातलं पाणी आटत कुठं? आपण ते बादलीत काढून घेतो. तरी खपली बसतेच.

तर ते मीठ नव्हे, तो चुना आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. मुरताना हवेतला आणि मातीतला एक वायू त्यात विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच हा वायू, कार्बन डायऑक्साइड. त्याच्या जोरावर पाणी जमिनीतला चुना आपल्यात विरघळवून घेतं आणि विहिरीत येतं. दिसायला ते स्वच्छच दिसतं. आता हे पाणी तापवा. तापलं, की वायू उडून जातो. वायू गेला, की चुन्याला पाण्यात राहता येत नाही. तो बाहेर पडतो आणि सगळ्यात तापलेल्या जागी चिकटतो. मीठ गरम पाण्यात सुखानं राहतं. चुन्याचं उलट आहे. पाणी तापलं, की तो बाहेर येतो. म्हणून पाणी न आटताही थर वाढत जातो.

ज्या पाण्यात असा चुना जास्त, त्याला आपण जड पाणी म्हणतो. पाणी मचूळ असणं आणि जड असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण खाडीकाठी बहुधा त्या जोडीनं येतात. धरमतरच्या खाडीलगत, खारेपाटात, विहिरीचं पाणी मचूळ लागतं हे सांगायला नको. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, पाणी जड करणारे क्षारही असतात. मीठ लोखंड खातं, आणि हे क्षार थर धरतात.

तुमचं पाणी जड आहे की मऊ, हे घरीच कळेल. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी घाला. दुसरीत पागोळीचं, म्हणजे पावसाचं धरलेलं पाणी घाला. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका. बूच लावून दोन्ही सारख्या हलवा. पागोळीच्या बाटलीत फेस भरून येईल. जड पाण्याच्या बाटलीत फेस थोडा आणि वर पांढरा साका दिसेल. कपड्याला साबण जास्त का लागतो, तेही यावरून कळेल.

आता थडथड का होते ते बघा. खपली ही भाजलेल्या मातीसारखी असते. तिला बारीक भोकं असतात. त्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि तापलेल्या धातूला लागतं. बाहेरच्या पाण्यात त्याला मिसळता येत नाही. ते तिथल्या तिथे अडकून फार तापतं आणि एकदम त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. एवढी वाफ त्या चिमुकल्या भोकातून धडपडत बाहेर येते. तोच तो बुक्का. वर खपलीमुळे उष्णता पाण्याला नीट पोचत नाही. ती धुराबरोबर नळ्यातून वर निघून जाते. म्हणून लाकडं जास्त जातात.

उपाय सोपा आहे. बंब पूर्ण निवू द्या. पाणी काढून टाका. वाण्याकडे लिंबाचं सत्त्व मिळतं, पांढरे खडे असतात, त्याला कोणी लिंबूफूल म्हणतात. एक लिटर पाण्याला दोन-तीन चमचे या हिशेबानं कोमट पाण्यात ते विरघळवा. ते पाणी बंबात घालून दोन-तीन तास ठेवा. आत फसफस ऐकू येईल. चुन्यात कोंडलेला तोच वायू बाहेर पडत असतो. मग पाणी ओतून द्या आणि बंब तीन-चार वेळा खळखळून धुवा. ते पाणी पिऊ नये आणि गुरांनाही पाजू नये, कारण त्यात तांबं उतरलेलं असतं. खपली जाड असली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं. छिन्नी घेऊन ठोकू नये. तांबं पातळ असतं, भोक पडायला वेळ लागत नाही. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते खपलीबरोबर धातूही खातं. आणि ते ब्लीचिंग पावडरीशी मिसळलं, तर विषारी वायू निघतो.

बंबाचा आणखी एक आवाज आहे, तो म्हणजे आवाज बंद होणं. विस्तव रसरसतोय आणि बंब गप्प आहे, तोटीतून थेंब नाही, तर आत पाणी संपलेलं असतं. अशा वेळी घाईनं थंड पाणी ओतू नका. आधी विस्तव काढा. बंब निवू द्या. तापल्या कोरड्या भांड्यावर थंड पाणी पडलं, तर वाफेचा लोट तोंडावर येतो. डाख सुटतो तो वेगळाच.

आता गिझरकडे वळू. गिझर म्हणजे विजेवरचा बंब. लाकडांच्या जागी आत धातूची एक वेटोळी कांडी असते, तिला कॉइल म्हणतात. फरक एवढाच, की बंबाचं तोंड उघडं असतं आणि गिझर बंद असतो. हा फरक लहान दिसतो, पण सगळा धोका त्यातच आहे.

गिझरच्या अंगावर एक पाटी असते. आता तुम्हाला वाचता येतं, तेव्हा ती वाचा. त्यावर १५ लिटर, २००० वॉट असे आकडे असतील. आय.एस.आय.चं चिन्हही असायला हवं. २००० वॉटचा गिझर एक तास चालला, तर २ युनिट वीज जाते. १५ लिटर पाणी साध्या गारव्यापासून अंघोळीपुरतं कडक तापायला त्याला १८ ते २० मिनिटं लागतात. म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज. अंघोळीच्या तासभर आधी गिझर लावून ठेवण्यात काही अर्थ नाही, हे पाटीवरच्या आकड्यांवरून कळतं.

गिझर गुरगुरला, तर कारण बंबासारखंच. कॉइलवर चुना चढलेला असतो. काही लोक सांगतात, थर बसला की वीज दुप्पट जाते. तसं नसतं. कॉइल पाण्याच्या आतच बसलेली असते. तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच उतरते. नुकसान होतं ते दुसरीकडे. उष्णता लवकर बाहेर जात नाही, म्हणून कॉइल स्वतः फार तापते, तडकते आणि जळते. तडकलेल्या कॉइलची वीज पाण्यात उतरू शकते. मचूळ पाण्यातून वीज अधिक सहज वाहते. म्हणून आपल्या बाजूला गुरगुरणाऱ्या गिझरची गोष्ट उद्यावर टाकू नये. तो स्वतः उघडूही नये. मिस्त्रीला बोलवावं. तो कॉइल काढून साफ करील. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातला गंज टाकीला खाण्याऐवजी तिला खातो. ती झिजली असेल, तर बदलायला सांगावं. कांडीचे पैसे थोडे असतात, टाकीचे फार.

नळाला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर पाणी तसंच सोडून बाहेर या. हात कोरडे करून मेन स्विच बंद करा. "थोडंसंच लागतं" म्हणून कोणी तसाच वापरत राहतो, हे बरोबर नाही. घराला चांगली अर्थिंग हवी. विजेची गळती ओळखून आपोआप पडणारं एक बटण मिळतं. माणसाच्या बचावासाठी ते ३० मिलिअँपिअरचं घेतात. वायरमनला एवढं सांगितलं, की तो समजतो. आणि पाणी तापलं, की गिझर बंद करून मगच अंघोळीला बसावं.

गिझरखालच्या एका लहान झडपेतून थेंब थेंब पाणी गळतं. थेंबांची टपटप ऐकून कोणी तिथे बूच मारतं, कोणी कापड बांधतं. यापरतं धोक्याचं काम नाही. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापलं, तर ते सुमारे २०० मिलिलिटरनं वाढतं, म्हणजे एक पेलाभर. बंद टाकीत हा पेलाभर जादा पाण्याला जागा नसते. ते झडपेवाटे बाहेर येतं. ती झडप म्हणजे बंबाचं सैल झाकणच. तिचं तोंड बांधलं आणि त्यातच आतलं तापमान राखणारं बटण बिघडलं, तर टाकी बॉम्बसारखी फुटू शकते. तेव्हा पाणी तापताना थेंब गळले, तर गळू द्या. खाली लहान डबा ठेवा. मात्र रात्रंदिवस धार लागली, किंवा झडपेतून फुस्स करून वाफ येऊ लागली, तर मेन स्विचवरून गिझर बंद करा, न्हाणीतून बाहेर या आणि मिस्त्रीला बोलवा. तोवर गिझरला हात लावू नका.

पाइपचे आवाज यापुढे किरकोळच म्हणायचे. ऊन पाणी आलं, की पाइप लांब होतो. निवला, की आखडतो. तीन मीटर लोखंडी पाइप एक-दोन मिलिमीटरनं वाढतो. प्लॅस्टिकचा त्याच्या कितीतरी पट वाढतो. भिंतीला तो पट्ट्यांनी घट्ट ठोकलेला असला, तर सरकताना अडतो आणि टक् करून सुटतो. रात्री घर शांत झाल्यावर ऐकू येणारी टकटक ही. पट्टी थोडी सैल करून मध्ये रबराचा तुकडा घातला, की भूत पळतं.

नळ झटकन बंद केल्यावर धाड् असा ठोका बसतो तो वेगळा. पाणी पाइपातून धावत असतं. आपण एकाएकी दार लावतो. बैलगाडी उतारावरून येताना एकदम अडवली, तर मागचं ओझं पुढे आपटतं, तसं पाणी आपटतं. नळ सावकाश बंद करावा. पाइप हलत असेल, तर तो पक्का बांधावा. आणि नळ थोडासा उघडल्यावर घुर्र करत असेल, तर आतलं वायसर सैल झालं आहे. मूळचा शब्द वॉशर, पण वायसर म्हटल्यावर दुकानदार बरोबर देतो. दहा-वीस रुपयांचं काम.

गावच्या नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं. मधल्या वेळात पाइपात हवा भरते. पाणी आलं, की नळ आधी खोकतो, थुंकतो, मग धार धरतो. यात भिण्यासारखं काही नाही, पण गिझरवाल्या घरानं एक शिस्त पाळावी. आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा. न खोकता सलग धार आली, म्हणजे टाकी भरलेली आहे. मगच बटण दाबायचं. कोरडी कॉइल थोड्याच वेळात जळते.

आपल्याकडे तापलेलं पाणी न्हाणीपुरतं. थंड मुलखात ते घरभर फिरवतात. तिथे हिवाळ्यात बाहेर बर्फ पडतो. घरात एका जागी बॉयलर असतो, म्हणजे मोठा बंबच, बहुधा गॅसवर चालणारा. त्यात पाणी तापतं. पंप ते पाइपांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी पोकळ पाट लावलेला असतो. त्याला रेडिएटर म्हणतात. त्यातून ऊन पाणी फिरलं, की खोली उबदार होते. गार झालेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं.

समजा, वडखळच्या एका काकींचा पुतण्या लंडनला नोकरीला आहे. आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुलं अशी दूर गेली आहेत. थंडी सुरू झाली. पुतण्याचा फोन आला.

"काकी, रात्रभर झोप नाही. हीटिंग लावलं की घर गुडगुडतं. लहान मूल दचकून उठतं. मेकॅनिकला बोलवायचं तर इथे पैसे फार पडतात."

काकींनी लंडन पाहिलेलं नाही. पण चाळीस वर्षं बंब पेटवलेला आहे. त्यांनी विचारलं, "गुडगुड होते कुठे? बंबाजवळ का खोलीत?"

"खोलीत. भिंतीवरच्या पाटात."

"हात लावून बघ. सगळा सारखा तापतो का?"

थोड्या वेळानं उत्तर आलं, "नाही. खाली कढत आहे. वर गार."

"मग वर हवा कोंडलीय," काकी म्हणाल्या. "पाणी खाली, हवा वर. आपला नळ खोकतो तसंच. तिला बाहेर जायला वाट असेलच कुठेतरी."

वाट होती. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान चौकोनी खिळा असतो आणि त्याची किल्ली मिळते. पुतण्यानं हीटिंग बंद केलं. पाणी निवू दिलं, कारण कढत पाणी हातावर उडू शकतं. खाली फडकं धरलं. किल्ली पाव फेरा फिरवली. फुस्स करून हवा आली. हवा संपून पाण्याचा थेंब दिसला, तशी किल्ली उलटी फिरवली. मग बॉयलरवरचं दाबाचं घड्याळ बघितलं. गार असताना त्याचा काटा साधारण १ ते दीड बारवर असावा लागतो. हवा काढली की तो थोडा खाली येतो. मग बॉयलरच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यात पाणी भरून घेतात.

गुडगुड थांबली. मूल झोपलं. आठ दिवसांनी फोन पुन्हा आला.

"काकी, आता एका खोलीतला पाट वर तापतो आणि खाली गार राहतो."

"वर गार ती हवा. खाली गार तो गाळ," काकी म्हणाल्या. "हंड्यात गाळ खालीच बसतो ना?"

काकींचं बरोबर होतं. रेडिएटरमध्ये तेच ते पाणी फिरत राहतं. नवं पाणी फारसं येत नाही, म्हणून चुनाही फारसा नवा येत नाही. पण लोखंडाला आतून गंज चढतो. त्याचा काळा चिखल तळाशी बसतो. तो धुऊन काढायला जाणकार माणूस लागतो. पुतण्या म्हणाला, "बघू पुढच्या महिन्यात. एक खोली थोडी गार राहिली तर चालेल. पण काकी, बॉयलरसुद्धा आता थडथडतो. किटलीत पाणी उकळावं तसा. इथे गावात पाणी जड आहे. किटलीत पांढरं बसतं."

लंडनचं पाणी जड आहे, ही खरी गोष्ट आहे. त्या बाजूच्या जमिनीखाली खडूचे थर आहेत. म्हणजे आपल्या विहिरीचा आणि तिथल्या नळाचा रोग एकच. पण इथे काकींनी लिंबाचं सत्त्व सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "तो पेटतो कशावर?"

"गॅसवर."

"मग त्याला तू हात लावायचा नाहीस. पाटातली हवा काढलीस ते ठीक. विस्तवाच्या जागेला जाणकारच हवा. आणि पुढच्या महिन्यात नको. आज."

त्या देशात कायदाच तसा आहे. गॅसच्या बॉयलरचं काम नोंदणी झालेल्या माणसानंच करायचं असतं. आणि काकींना घाई का वाटली, तेही नीट समजून घ्या, कारण ते आपल्याही न्हाणीला लागू आहे.

विस्तवाला हवा लागते. हवा पुरेशी मिळाली, तर तो स्वच्छ जळतो. गॅसची ज्योत निळी दिसते. हवा कमी पडली, धुराची वाट तुंबली, तर अर्धवट जळण होतं. ज्योत पिवळी होते, काजळी धरते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याचा आवाजही येत नाही. बाकी सगळे रोग यंत्र बोलून दाखवतं, हा दाखवत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, पायांतली शक्ती जाते. माणसाला वाटतं, दमलो असेन. तो खाली बसतो, आणि उठत नाही. थंड देशांत यासाठी घरात एक डबी लावतात. असा वायू साठू लागला, की ती ओरडते. पुतण्याच्या घरी ती नव्हती. काकींच्या फोननंतर त्याच दिवशी आणली.

आपल्याकडे बंद न्हाणीत लावलेल्या गॅसच्या गिझरमुळे माणसं गेली आहेत. नवी जोडपी गेली आहेत, शिकणारी पोरं गेली आहेत. तेव्हा गॅसचा गिझर न्हाणीच्या आत लावू नये, बाहेर मोकळ्या हवेत लावावा. लावलेलाच असेल, तर तिथून हलवून घ्यावा. बंबाचंही तसंच. थंडी वाजते म्हणून दार-खिडकी लावून आत बंब पेटवू नये, आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊन बंद खोलीत निजू नये. अशा न्हाणीत कोणी पडलेलं दिसलं, तर आधी दार-खिडकी उघडा, माणसाला उघड्यावर ओढा, आणि मग १०८ वर फोन करा. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका.

एक कागद घ्या. मोठ्या अक्षरांत लिहा. पहिल्या ओळीत गिझर किंवा बंब साफ केल्याची तारीख. दुसऱ्या ओळीत मिस्त्रीचा नंबर. तिसऱ्या ओळीत रुग्णवाहिका १०८, गॅसची गळती १९०६, इतर कुठलीही अडचण ११२. चौथ्या ओळीत घराचा मेन स्विच कुठे आहे ते. कागद न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, पाणी उडणार नाही अशा जागी, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. मग घरातल्या प्रत्येकाकडून तो एकदा मोठ्यानं वाचून घ्या. आजी वाचायला शिकत असेल, तर तिच्याकडून आधी.